निर्णय लिहावा तो कारणासकट

कोल्हापूर जिल्ह्यातील एका गावच्या दूध संस्थेत आम्ही आमच्या दूध संकलनाच्या सॉफ्टवेअरमध्ये एक दुरुस्ती करण्यासाठी गेलो होतो. दिवाळीला उत्पादकांना मिळणाऱ्या दर फरकाच्या रकमेतून इमारत निधीसाठी कपात होत असे, आणि ती सगळ्या सभासदांना सारखी का लागू होत नाही हे आम्हाला समजून घ्यायचे होते. सचिवांनी "वहीत असंल की, बघूया," असे म्हणत कपाट उघडले, प्रोसिडिंग बुकांचा गठ्ठा बाहेर काढला आणि दहा मिनिटांच्या आत अकरा वर्षांपूर्वीचा ठराव आमच्यासमोर ठेवला. सभेची तारीख, विषय क्रमांक, ठराव क्रमांक, सूचक, अनुमोदक, सगळे जागच्या जागी होते. त्याच दुपारी शहरात परतल्यावर आमच्या टीममधल्या एका नव्या सहकाऱ्याने विचारले की आपल्या सॉफ्टवेअरमध्ये दुधाच्या प्रत्येक नोंदीला दोन वेगवेगळे क्रमांक का दिले आहेत, आणि खोलीत बसलेल्या आमच्यापैकी एकालाही त्याचे उत्तर देता आले नाही. निर्णय आमचाच होता आणि जेमतेम दोन वर्षांपूर्वीचा होता.

उत्तर मिळाले नाही, म्हणून त्याने जास्तीचा वाटणारा क्रमांक काढून टाकला. कोड सोपा झाला, चाचण्या व्यवस्थित पार पडल्या आणि आम्ही सर्वांनी तो बदल वाचून मान्य केला. पुढे जुलै महिना आला. गावातले नेटवर्क येऊन-जाऊन असायचे. संस्थेतला संगणक एखादी नोंद सर्व्हरकडे पाठवायचा, सर्व्हर ती स्वीकारायचा, पण "मिळाली" असा निरोप परत येण्याआधीच नेटवर्क तुटायचे आणि संगणक तीच नोंद पुन्हा पाठवायचा. पूर्वी सर्व्हर संस्थेत दिलेल्या क्रमांकावरून ही नोंद आधीच आलेली आहे हे ओळखत असे. आता त्याला ती नवीन वाटू लागली. दहा दिवसांची बिले काढायला घेतली तेव्हा काही उत्पादकांच्या नावावर एकाच वेळचे दूध दोनदा लागल्याचे दिसले, आणि छापलेल्या पावत्यांशी एकेक नोंद ताडून पाहण्यात आमच्या तीन रात्री गेल्या. दोन क्रमांकांची कल्पना ज्याची होती तो सहकारी तोपर्यंत पुण्याला नोकरीसाठी गेला होता. त्याला फोन केला तेव्हा त्याने दोन मिनिटांत कारण सांगितले. नव्या सहकाऱ्याची यात काही चूक नव्हती, कारण जे कुठेच लिहिलेले नाही ते त्याने ओळखावे अशी अपेक्षा ठेवणे अन्यायाचे ठरले असते.

सॉफ्टवेअरचा कोड वाचून ते काय करते हे कळते, थोडा वेळ दिला तर कसे करते हेही कळते. पण ते तसेच का केले, दुसरे कोणते मार्ग समोर होते आणि ते कशासाठी सोडले, हे कोडच्या ओळींत नसते. नाकारलेला पर्याय तर कोडमध्ये कोणतीही खूण ठेवत नाही. त्यामुळे पुढच्या माणसासमोर दोनच वाटा उरतात. एक तर कारण माहीत नसलेला निर्णय तो घाबरून जसाच्या तसा सांभाळत राहतो, नाही तर आमच्याकडे झाले तसा, निरुपयोगी समजून मोडून टाकतो. डेन्मार्कचे संगणकशास्त्रज्ञ पीटर नाउर यांनी १९८५ मध्ये असे मांडले होते की प्रोग्रॅमचे खरे मर्म तो रचणाऱ्यांच्या मनातल्या समजुतीत असते, आणि ती माणसे पांगली की कोड शिल्लक राहूनही प्रोग्रॅम एका अर्थाने मृत होतो. केवळ कागदपत्रांनी ही समजूत पूर्णपणे दुसऱ्याच्या हाती देता येत नाही असेही त्यांचे मत होते, आणि ते मला पटते. तरीही त्या समजुतीतला एक भाग असा आहे की जो लिहून पुढे देता येतो, आणि तो म्हणजे निर्णयाचे कारण.

अशा निर्णयांना सॉफ्टवेअरचे आर्किटेक्चर म्हणतात; ते म्हणजे नेमके काय, हे आधी पाहू. या शब्दाच्या व्याख्या पुष्कळ आहेत, पण कोल्हापूरकराला तो समजावण्यासाठी पंचगंगेच्या खोऱ्यातला कोणताही कोल्हापूर पद्धतीचा बंधारा पुरेसा आहे. नदीच्या पात्रात ठराविक अंतरावर पक्के खांब बांधलेले असतात आणि खांबांना उभ्या खाचा असतात. पावसाळा संपला की त्या खाचांमध्ये बरगे, म्हणजे आडव्या फळ्या, घालून पाणी अडवतात; जुन्या पद्धतीत बरग्यांच्या दोन रांगा लावून मधल्या फटीत माती भरली जात असे. पावसाळ्यापूर्वी बरगे काढून घेतात आणि पुराला मोकळी वाट देतात. बरगे दरवर्षी निघतात आणि दरवर्षी बसतात, कुजलेला बरगा बदलता येतो, लाकडाऐवजी लोखंडी बरगा घालता येतो. खांब मात्र एकदा जिथे उभे राहिले तिथेच राहतात. खांब कुठे उभे करायचे, त्यांच्यात अंतर किती ठेवायचे आणि पाया किती खोल घ्यायचा, हे निर्णय आर्किटेक्चरचे. कोणता बरगा कोणत्या दिवशी घालायचा हा निर्णय रोजच्या कामाचा.

सॉफ्टवेअरमध्ये खांब कोणते आणि बरगे कोणते हे डोळ्यांना दिसत नाही, आणि सगळी अडचण तिथूनच सुरू होते. पडद्यावरच्या बटणाचा रंग हा बरगा आहे, हे सर्वांना कळते. पण दुधाची माहिती कोणत्या डेटाबेसमध्ये ठेवायची, संस्थेतला संगणक आणि मध्यवर्ती सर्व्हर यांच्यात कामाची वाटणी कशी करायची, पैशाचा हिशोब दशांश अपूर्णांकात ठेवायचा की पूर्ण पैशांत, एखाद्या नोंदीची ओळख कोणी ठरवायची, हे प्रश्न पहिल्या आठवड्यात बरग्यासारखे हलके वाटतात आणि दोनशे संस्थांची पाच वर्षांची माहिती त्यांच्यावर उभी राहिली की त्यांचे खांब झालेले असतात. ॲमेझॉनचे जेफ बेझोस यांनी २०१५ च्या वार्षिक अहवालासोबत भागधारकांना लिहिलेल्या पत्रात असाच भेद केला होता: काही दारांतून गेल्यावर परत येता येते, काहींतून येता येत नाही, आणि पहिल्या प्रकारच्या निर्णयांना दुसऱ्या प्रकारची जड पद्धत लावली की मोठ्या संस्था संथ होतात. मला त्यांच्या दारांपेक्षा आपला बंधारा जवळचा वाटतो, कारण त्यात खांब आणि बरगे एकाच रचनेचे भाग आहेत आणि बरगे सहज काढता यावेत यासाठीच खांब तसे बांधलेले आहेत. चांगल्या आर्किटेक्चरमध्येही थोडे कठीण निर्णय विचारपूर्वक अशा रीतीने घेतलेले असतात की बाकीचे पुष्कळ निर्णय पुढे सहज बदलता येतात.

आर्किटेक्चरमध्ये कारणाला स्थान असले पाहिजे, हा विचार नवा नाही. ड्वेन पेरी आणि अलेक्झांडर वुल्फ या संशोधकांनी १९९२ मध्ये या विषयाची पायाभूत मांडणी केली तेव्हा त्यांनी आर्किटेक्चरचे तीन घटक सांगितले होते: रचनेतले भाग, त्या भागांची मांडणी, आणि त्या मांडणीमागचे कारण. पुढच्या काळात भागांच्या आणि मांडणीच्या आकृत्या भरपूर निघाल्या, त्यांच्यासाठी जाडजूड दस्तऐवजही तयार झाले, पण तिसरा घटक मागे पडला. मोठे दस्तऐवज लिहून होईपर्यंत जुने होतात आणि मग कोणी ते वाचत नाही, हा अनुभव बहुतेक टीमना असतो.

यावर एक साधा उपाय सॉफ्टवेअर तज्ज्ञ मायकेल नायगार्ड यांनी नोव्हेंबर २०११ मध्ये सुचवला. आर्किटेक्चरचा एकच मोठा ग्रंथ लिहिण्याऐवजी प्रत्येक महत्त्वाच्या निर्णयासाठी एक-दोन पानांची स्वतंत्र नोंद करावी, तिला क्रमांक द्यावा, आणि ती कोडच्या शेजारीच ठेवावी. अशा नोंदीला आर्किटेक्चर डिसिजन रेकॉर्ड किंवा थोडक्यात एडीआर म्हणतात. आमच्या टीममध्ये आम्ही तिला निर्णयनोंद म्हणतो. तिचे भाग पाच असतात: शीर्षक, संदर्भ, निर्णय, स्थिती आणि परिणाम. विचारात घेतलेल्या पर्यायांचा वेगळा भाग नायगार्ड यांच्या मूळ नमुन्यात नव्हता, तो नंतरच्या काही नमुन्यांत आला. पण माझ्या अनुभवात तोच भाग पुढे सर्वांत जास्त वेळा वाचला जातो.

सहकारी संस्थांच्या सभा ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना ही कल्पना परकी वाटणार नाही. ठरावालाही क्रमांक असतो, विषय असतो, तारीख असते, तो मांडणारा आणि त्याला दुजोरा देणारा असतो, आणि प्रत्येक सभेचा पहिला विषय मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे हा असतो. निर्णयनोंद ठरावाच्या पुढे एक पाऊल टाकते. ठरावात बहुधा काय ठरले तेवढेच असते. आमच्या समोर आलेल्या त्या अकरा वर्षांपूर्वीच्या ठरावातही कपात किती आणि कोणाला हे होते, पण काहींना सूट का दिली याचे कारण सचिवांनी तोंडी सांगितले म्हणूनच आम्हाला कळले.

दोन क्रमांकांचा गोंधळ निस्तरल्यावर आम्ही त्या जुन्या निर्णयाची नोंद लिहिली. अशी नोंद प्रत्यक्षात कशी दिसते हे कळावे म्हणून ती येथे थोडी संक्षिप्त करून देतो.

शीर्षक: संकलनाची नोंद आधी संस्थेतील संगणकावर, नंतर सर्व्हरवर.

स्थिती: मंजूर.

संदर्भ: संकलन सकाळी आणि संध्याकाळी ठराविक वेळेतच चालते. रांगेतल्या उत्पादकाला वजन, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले इतर घन घटक) आणि दर दाखवणारी पावती जागेवरच द्यावी लागते. पावसाळ्यात गावांतले इंटरनेट तासन्‌तास बंद असते. इन्व्हर्टरमुळे संगणक चालू राहतो, पण नेटवर्क नसते. संगणक हाताळणारी व्यक्ती तंत्रज्ञ नसते. आमची टीम सहा जणांची आहे आणि पहाटे पाच वाजता सर्व्हरवर लक्ष ठेवायला कोणी नसते.

पर्याय: पहिला, ब्राउझरमधून थेट सर्व्हरवर नोंद करणे, सांभाळायला सर्वांत सोपा, पण नेटवर्क गेले की रांग थांबते. दुसरा, सगळी माहिती संस्थेतच ठेवून दहा दिवसांनी पेनड्राइव्हवरून आणणे; संकलन कधीच थांबत नाही, पण संगणक बिघडला तर दहा दिवसांची माहिती जाते. तिसरा, नोंद आधी संस्थेत साठवून नेटवर्क असेल तेव्हा सर्व्हरकडे पाठवणे.

निर्णय: आम्ही तिसरा पर्याय घेऊ. प्रत्येक नोंद आम्ही संस्थेतील संगणकावर एसक्यूलाइट डेटाबेसमध्ये साठवू आणि तिथेच तिला १२८ बिटांचा एकमेव ओळखक्रमांक देऊ. सर्व्हर अहवालांसाठी स्वतःचा अनुक्रमांक वेगळा देईल, पण एखादी नोंद आधी आलेली आहे की नाही, हे तो संस्थेत दिलेल्या ओळखक्रमांकावरूनच ठरवेल.

परिणाम: नेटवर्क नसतानाही संकलन चालू राहील. एकच नोंद दोनदा पोहोचली तरी एकदाच धरली जाईल. मात्र दरपत्रक बदलले की ते लागू होण्याआधीच प्रत्येक संस्थेत पोहोचले पाहिजे. संगणकाचे घड्याळ चुकले तर सकाळचे दूध संध्याकाळच्या खात्यात जाऊ शकते, त्यामुळे घड्याळाची तपासणी करावी लागेल. सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती प्रत्येक संगणकावर स्वतंत्रपणे बसवावी लागेल. सर्व्हरकडे जाण्याआधीच डिस्क निकामी झाली तर तेवढ्या नोंदी जातील, आणि ही जोखीम आम्ही जाणून स्वीकारत आहोत.

पुनर्विचार: एका संस्थेत एकाच वेळी दोन काट्यांवर संकलन सुरू झाल्यास, किंवा सलग एका पावसाळ्यात कोणत्याही संस्थेचे नेटवर्क अर्ध्या तासापेक्षा जास्त बंद न राहिल्यास.

या नोंदीतले काही मुद्दे थोडे उलगडून सांगितले पाहिजेत. संदर्भ या भागात कोणत्याही तंत्रज्ञानाची स्तुती किंवा निंदा नाही. तिथे फक्त परिस्थिती आहे. ज्या परिस्थितीने आपल्याला एका दिशेला ढकलले ती परिस्थिती बदलली की निर्णयही बदलायला हवा, आणि ती बदलली आहे की नाही हे पुढच्या माणसाला पडताळून पाहता यावे यासाठी ती तथ्याच्या रूपात लिहावी लागते. "इंटरनेट चांगले नव्हते" असे लिहिले तर पडताळणार कशाशी? "तासन्‌तास बंद असते" असे लिहिले तर पाच वर्षांनी गावात जाऊन मोजता येते. टीम सहा जणांची आहे हे वाक्यही मुद्दाम घातले आहे, कारण साठ माणसांच्या टीमने हाच प्रश्न वेगळ्या रीतीने सोडवला असता आणि तेही बरोबरच ठरले असते.

परिणामांच्या भागात नुकसान स्पष्टपणे लिहिणे हे मला या साऱ्या पद्धतीतले सर्वांत मोलाचे काम वाटते. प्रत्येक निर्णयाची काही किंमत असते, आणि ज्या नोंदीत फक्त फायदे आहेत ती पुढच्या माणसाला काहीही शिकवत नाही. घड्याळाचा मुद्दा आम्हाला नोंद लिहायला बसल्यावरच सुचला; निर्णय घेताना तो कोणाच्या लक्षात आला नव्हता. वाक्य पूर्ण करायला लागले की विचारातल्या फटी दिसतात, त्यामुळे नोंद निर्णय झाल्यानंतर लिहिण्यापेक्षा निर्णय होत असताना लिहिणे अधिक उपयोगी पडते. नायगार्ड यांनीही पूर्ण वाक्यांचाच आग्रह धरला होता आणि तुटक मुद्द्यांच्या यादीआड अर्धवट विचार लपवू नये असे बजावले होते. एसक्यूलाइटचे उदाहरण घ्या. २००० साली आलेला हा डेटाबेस स्वतंत्र सर्व्हरशिवाय एका फाइलमध्ये चालतो, त्यामुळे गावातल्या संगणकावर बसवायला आणि सांभाळायला तो अत्यंत सोपा आहे. पण त्याच्या एका फाइलमध्ये एका वेळी एकालाच लिहिता येते. संस्थेत एकच काटा आणि एकच नोंद करणारा असेपर्यंत ही मर्यादा जाणवत नाही. "एसक्यूलाइट वापरू, कारण सोपे आहे" असा तुटक मुद्दा लिहून आम्ही पुढे गेलो असतो, तर दोन काट्यांची अट पुनर्विचाराच्या भागात कधीच आली नसती.

पुनर्विचाराचा हा भागही मूळ नमुन्यात नाही, तो आम्ही आमच्यासाठी जोडला. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट ठरलेली आहे. पाणी तिथवर चढले की काय करायचे, यावर त्या रात्री वाद घालत बसावे लागत नाही, कारण आकडा पाऊस नसताना ठरलेला असतो. २०१९ च्या महापुरात पाणी ५५ फुटांच्याही वर गेले आणि महामार्ग अनेक दिवस बंद राहिला, तेव्हा या आकड्यांचे महत्त्व आम्ही सर्वांनी पाहिले. सॉफ्टवेअरच्या निर्णयालाही असा आकडा आधीच लावून ठेवला, तर तो निर्णय पुन्हा तपासण्याची वेळ कोणाच्या मनाच्या कलावर किंवा नव्या तंत्रज्ञानाच्या आकर्षणावर ठरत नाही.

निर्णय बदलला तर जुन्या नोंदीचे काय करायचे, हा पुढचा प्रश्न. ती खोडायची नाही आणि तिच्यातला मजकूर बदलायचाही नाही. नवी नोंद लिहायची, तिला पुढचा क्रमांक द्यायचा, आणि जुन्या नोंदीच्या स्थितीत फक्त एवढे लिहायचे की तिची जागा आता अमुक क्रमांकाच्या नोंदीने घेतली आहे. प्रोसिडिंग बुकातही जुना ठराव फाडत नाहीत. नवा ठराव करून तो रद्द करतात. इंटरनेटची स्वतःची घडण याच शिस्तीने झाली आहे. ७ एप्रिल १९६९ रोजी स्टीव्ह क्रॉकर या तरुण विद्यार्थ्याने इंटरनेटचे नियम मांडणाऱ्या आरएफसी या दस्तऐवजांच्या मालिकेतला क्रमांक १ लिहिला, आणि तेव्हापासून या मालिकेतला प्रसिद्ध झालेला दस्तऐवज बदलला जात नाही. त्याच्या जागी नवा येतो. ब्राउझर आणि सर्व्हर ज्या भाषेत बोलतात त्या एचटीटीपीच्या १.१ आवृत्तीचे नियम १९९७ मध्ये आरएफसी २०६८ म्हणून आले, १९९९ मध्ये त्यांची जागा २६१६ ने घेतली, २०१४ मध्ये ते सहा दस्तऐवजांत विभागले गेले आणि २०२२ मध्ये पुन्हा नव्याने मांडले गेले. जुने सगळे दस्तऐवज आजही वाचता येतात, आणि एखादा नियम कोणत्या टप्प्यावर कसा बदलला हे त्यांवरून समजते. आमच्या नोंदी साध्या मजकुराच्या फाइली आहेत आणि त्या कोडबरोबर गिटमध्येच, म्हणजे कोडमधल्या प्रत्येक बदलाचा इतिहास ठेवणाऱ्या प्रणालीत, असतात, त्यामुळे कोणता कोड कोणत्या निर्णयाच्या काळातला आहे, हे वेगळे शोधावे लागत नाही. ईमेल, चॅटचे ग्रुप आणि कोणाच्या तरी लॅपटॉपवरच्या फाइली या जागा नोंदीसाठी योग्य नाहीत, कारण माणूस गेला की त्याही जातात.

आता निर्णय घेण्याच्या पद्धतीबद्दल. सगळ्याच निर्णयांची नोंद करायला निघालो तर महिन्याभरात ती पद्धत बंद पडेल. बदलायला एका दिवसापेक्षा जास्त लागेल का, बदलताना जुनी माहिती नव्या साच्यात आणावी लागेल का, आणि एकापेक्षा जास्त लोकांच्या कामावर त्याचा परिणाम होईल का, या तीन प्रश्नांपैकी एकाचेही उत्तर "हो" असेल तर आम्ही नोंद लिहितो. ज्याला तो प्रश्न सोडवायचा आहे तोच मसुदा लिहितो, मग तो कितीही नवा असो. मसुदा चर्चेच्या दोन दिवस आधी सर्वांना मिळतो आणि चर्चेची पहिली पंधरा मिनिटे सगळे तो शांतपणे वाचतात, कारण सर्वांनी आधी वाचून येणे हे कामाच्या गर्दीत होत नाही. एका व्यक्तीकडे मुद्दाम विरोधी बाजू मांडण्याचे काम दिलेले असते. शेवटी एकमत झाले नाही तर निर्णय कोणी घ्यायचा हे आधीच ठरलेले असते, आणि ज्याचे मत वेगळे राहिले त्याचे म्हणणे नोंदीत येते. "सर्वानुमते मंजूर" हे शब्द आपल्याकडे फार सहज उच्चारले जातात. सभेत ज्येष्ठ माणूस बोलला की बाकीचे मान हलवतात, आणि खरी शंका बाहेर चहाच्या गाड्यावर ऐकू येते. ती शंका लिहिली गेली असती तर पुष्कळदा तीच पुढे खरी ठरलेली दिसली असती, म्हणून तिची जागा कागदावर असली पाहिजे.

इथे संगणकशास्त्रज्ञ मेल्विन कॉनवे यांनी १९६८ मध्ये मांडलेले निरीक्षण सांगण्यासारखे आहे. जी संस्था एखादी प्रणाली रचते, तिच्यातील माणसांच्या आपापसातील संवादाची जशी घडण असते तशीच त्या प्रणालीचीही घडण होते, असे त्यांचे म्हणणे होते. आमची निम्मी टीम काही काळ पुण्यात होती. संकलनाचा भाग कोल्हापुरात आणि बिलांचा भाग पुण्यात लिहिला जात होता, आणि वर्षभराने पाहिले तर आमच्या सॉफ्टवेअरमधली सर्वांत पक्की, पण सर्वांत कमी समजलेली भिंत नेमकी त्या दोन भागांच्या मध्ये उभी होती. ती कोणी ठरवून बांधली नव्हती. दोन गावांतले लोक एकमेकांशी जितके कमी बोलत होते, तितके त्यांचे कोडही कमी बोलत होते. अशा टीमला निर्णयनोंदीची गरज एका खोलीत बसणाऱ्या टीमपेक्षा कितीतरी जास्त असते, आणि लिहिण्याचा कंटाळाही तिथेच जास्त असतो.

भाषेचा मुद्दा मला मनापासून महत्त्वाचा वाटतो. आमच्याकडे चर्चा मराठीत होते. हिरिरीने, उदाहरणे देत, गावातल्या संस्थेचे चित्र डोळ्यांसमोर ठेवून होते. मग कोणीतरी ती इंग्रजीत लिहायला घेतो आणि दीड तासाच्या चर्चेची चार कोरडी वाक्ये होतात. भाषा पुरेशी हाताशी नसली की माणूस पहिल्यांदा कारणे गाळतो, कारण निर्णय एका वाक्यात बसतो आणि कारणांना उपवाक्ये लागतात. आम्ही नोंदी मराठीत लिहायला सुरुवात केली तेव्हा त्यांची लांबी आणि खोली दोन्ही वाढली. तांत्रिक शब्द जसे बोलतो तसेच ठेवतो. डेटाबेसला डेटाबेस आणि सर्व्हरला सर्व्हरच म्हणतो. टीममध्ये मराठी न जाणणारा सहकारी असेल तर अर्थातच इंग्रजीत लिहावे लागेल, आणि तेव्हा चर्चेचे टिपण मराठीत घेऊन मग शांतपणे भाषांतर करावे, असे मी सुचवीन. मराठीत लिहिताना एक सवय मात्र जाणीवपूर्वक मोडावी लागते. कचेरीच्या मराठीने आपल्याला "ठरविण्यात आले", "करण्यात यावे" असे लिहायला शिकवले आहे, आणि त्यात कर्ता हरवतो. "आम्ही ठरवले", "आम्ही करू" असे लिहिले की निर्णयाची जबाबदारी घेणारे लोक वाक्यात दिसतात आणि पाच वर्षांनी प्रश्न कोणाला विचारायचा, हेही कळते.

ज्यांचे सॉफ्टवेअर आधीच पाच-दहा वर्षांचे झाले आहे, त्यांनी सगळ्या जुन्या निर्णयांच्या नोंदी एकदम लिहायला घेऊ नयेत. आजपासून होणाऱ्या निर्णयांची नोंद सुरू करावी, आणि जुन्या निर्णयाची नोंद त्याच्याबद्दल कोणी "हे असे का?" असे विचारील त्या दिवशी करावी. विचारणाऱ्यानेच ती लिहावी आणि माहितगाराने तपासावी. त्यात नव्या माणसाची समजही पक्की होते. जुनी नोंद लिहिताना आजच्या शहाणपणाने कालच्या निर्णयाला सुंदर कारण चिकटवण्याचा मोह होतो, आणि तो कटाक्षाने टाळला पाहिजे. आम्ही पुण्याच्या सहकाऱ्याला अधूनमधून फोन करतो आणि त्याला आठवते तेवढेच, "आठवणीवरून" असा शेरा मारून लिहितो.

आजवर आमच्याकडे अशा २३ नोंदी झाल्या आहेत. त्यांपैकी चार नोंदींच्या स्थितीत त्यांची जागा दुसऱ्या नोंदीने घेतल्याचे लिहिले आहे. सातवी नोंद बिलाची रक्कम कोणत्या टप्प्यावर पूर्णांकात आणायची याबद्दल आहे. तिच्या संदर्भात आम्ही "या निर्णयाचे मूळ कारण आता टीममधील कोणालाही सांगता येत नाही, त्यामुळे बदल करण्यापूर्वी किमान तीन संस्थांची जुनी बिले ताडून पाहावीत" असे लिहिले आहे, आणि या महिन्यात त्या नव्या सहकाऱ्याने पहिल्या संस्थेची बिले तपासायला घेतली आहेत.